चौथा रकाना

रजिस्ट्रारच्या फॉर्मात चौथा रकाना : व्यवसाय.
दर मार्चात मी तो भरते
आणि दर मार्चात पेन इथेच अडतं.

लश्करात, दौलतगंजच्या एका जिन्यावर आमची खोली.
भिंतीला टेकलेले वॉकर, चार कमोडच्या खुर्च्या,
ऑक्सिजनची यंत्रं दोन.
फुकट न्यायचं, बरं वाटलं की परत आणायचं.
नाही वाटलं, तरी कुणीतरी आणायचंच.
मधल्या टेबलाभोवती विश्वस्त,
मी कोपऱ्यात, इतिवृत्ताच्या वहीशी.

डॉ. उर्मिला पोतनीस, भूलतज्ज्ञ. हे सोपं.
शाहीन कुरेशी, वकील. हेही.
लेखराज टहिलयानींपुढे 'कापडाचे व्यापारी' लिहिते खरी,
पण ते अर्जसुद्धा अंगठ्या-बोटात चोळून बघतात,
जणू आतल्या माणसात सूत किती ते कळणार आहे.

हरिहर टेंबे छोट्या गाडीचे गार्ड होते.
श्योपूरपर्यंतची ती दोन फुटी वाट आता उखडली.
विषय लांबला की त्यांचा डावा हात
खुर्चीमागे झेंडी शोधतो.

राजाराम कुशवाह. बिर्लानगरच्या गिरणीत जॉबर.
'निवृत्त' लिहिलं तर भडकतात :
"हम कहाँ निवृत्त हुए? मिल हुई."

आणि मंदाकिनी दिघे, ज्यांनी पॉटरीत
एकतीस वर्षं कपांना कान लावले.
श्रावणात गेल्या. त्यांची ओळ मी अजून खोडलेली नाही.
सभेचा चहा त्यांच्याच कपांतून होतो,
आणि कान अजून एकही निखळलेला नाही.

जानेवारीत विषय क्रमांक तीन :
हजिऱ्याच्या एका मुलानं यंत्र नेलं, पाच महिने झाले.
नियम अकरा. कुरेशींनी नोटीस आणलीच होती, टाईप करून.
टहिलयानी म्हणाले, पत्ता खोटा असणार.
पोतनीस म्हणाल्या, मुरारला एक पेशंट वाट बघतोय,
त्याच्याकडे पाच महिने नाहीत.
राजाराम म्हणाले, गल्ली माझी आहे, जातो.
टेंबेही उठले. रविवार होता, त्यांना कुठे तरी जायचंच असतं.

पत्ता खरा निघाला.
बाप दिवाळीआधीच गेला होता.
पण मुलगा रात्री यंत्र चालू करतो, नळी खुंटीला टांगून,
कारण तो आवाज थांबला
की आई दचकून उठून बसते.

टेबलाशी कुणी काही बोललं नाही.
मी वहीत 'चर्चा झाली' असं लिहून ठेवलं.
मग पोतनीसांनी एवढंच विचारलं :
"आवाज सुरू झाल्यावर किती वेळात झोपते?"
राजाराम म्हणाले, दहा मिनिटं.
आणि थोड्या वेळानं, हिंदीतून मराठीत येत :
"माग बंद पडले ना, तेव्हा माझी बायको झोपायची.
मी वर्षभर छताकडे बघायचो."

टहिलयानींच्या गोदामातून एक टेबलफॅन आला,
कुणीही विकत घेणार नाही असा.
राजारामांनी तो इथंच, वॉकरच्या मध्ये बसून खोलला.
कान जवळ नेऊन, डोळे मिटून,
एक स्क्रू पाव फेरा सैल केला, परत आवळला, परत सैल.
शेजारी ऑक्सिजनचं दुसरं यंत्र चालू ठेवलं होतं,
सूर जुळवायला म्हणा.
टेंबे घड्याळ धरून ठोके मोजत होते.
कुरेशींनी नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूवर
पंख्याचा ताबा लिहून घेतला, मुदत : लागेल तोवर.

यंत्र मंगळवारी मुरारला पोचलं.
हिशेबात : एक पंखा, जुना, किंमत निरंक.

आता फॉर्म समोर आहे.
राजारामांच्या नावापुढे मी 'जॉबर' लिहिलंय.
खिडकीवरचा बाबू विचारणार, जॉबर म्हणजे काय,
आणि मागे रांग असणार.